यात्रेचं जुनं मैदान नव्यानं बसवायचं आहे? मध्ये काही बांधू नका, काठ बांधा

विदर्भातल्या बहुतेक तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत असं एक मैदान असतं. वर्षातून एकदा आठ-पंधरा दिवस तिथं यात्रा भरते आणि आठवड्यातून एक दिवस बाजार. एरवी तिथं पन्न्या उडतात, डुकरं लोळतात आणि दिवेलागणीनंतर बायामाणसं लांबचा रस्ता धरतात. भोवतालच्या घरांची मागची बाजू मैदानाकडे असते. त्यामुळं मोरीचं पाणी तिकडेच सुटतं आणि कचराही तिकडेच पडतो. बाजारओळीतली दोन-चार जुनी दुकानं बंद पडलेली, एखादा वाडा अर्धा ढासळलेला. मैदान खराब झालं म्हणून शेजार बसला की शेजार बसला म्हणून मैदान खराब झालं, यावर पारावर कितीही वाद घालता येईल.

मग कधीतरी निधी येतो, आणि त्याचं काय करायचं हे जणू आधीच ठरलेलं असतं: कमान, वॉल कंपाउंड, गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) आणि गाळे. या चारही गोष्टी यात्रेच्या मैदानाला मारतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मैदानाची किंमत त्याच्या मोकळेपणात आहे. मधली जागा मोकळी, घट्ट आणि कोरडी ठेवायची आणि बांधकामाचा पैसा काठावर घालायचा. हे कसं करायचं ते खाली क्रमानं लिहितो. सरपंच, सदस्य, नगरपंचायतीचे अभियंते आणि गावातल्या खटपट्या मंडळींसाठी हे आहे.

1. आधी कागद

मैदान "गावाचं" असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर ते कोणाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते गावठाणात असेल, गायरान असेल, नझूल (वस्तीतली सरकारी जमीन) असेल, देवस्थानाची इनाम जमीन असेल, नाहीतर काही भाग महसूलचा आणि काही संस्थानचा असेल. तलाठ्याकडून (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) सातबारा घ्या. नागपूर विभागातल्या जुन्या गावांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढून पाहा. बाजाराची जागा, गुरांची वाट, पाण्यावर जायचा रस्ता असे गावाचे जुने हक्क त्यात नोंदलेले सापडू शकतात आणि पुढं वाद झाला तर तीच नोंद कामी येते. जमीन देवस्थानाची असेल तर विश्वस्त आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय यांना वगळून काहीच करता येणार नाही. गायरान असेल तर पक्क्या बांधकामाचा विचार जपून करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर गायरानावरच्या अतिक्रमणाकडे बरंच कडक नजरेनं पाहिलं जातं.

मग भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून हद्द कायम मोजणी करून घ्या. कोणाचा संडास, कोणाचं कुडाचं कुंपण आत आलेलं असतंच. ते काढायची घाई करू नका, आधी नुसतं नकाशावर घ्या.

गडचिरोली, मेळघाट आणि चंद्रपूर-यवतमाळच्या काही पट्ट्यांत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात, 1996 चा पेसा कायदा लागू आहे. गावबाजाराचं व्यवस्थापन हा त्यात ग्रामसभेचा अधिकार मानलेला आहे. तिथं ग्रामसभेच्या ठरावानंच सुरुवात करा. कंत्राटदार आधी आणि ठराव मागून, असं चालायचं नाही.

2. एक अख्खा बाजार उभं राहून पाहा

आराखडा ऑफिसात बसून काढला की ओटे रिकामे राहतात. विदर्भात असे रिकामे ओटे किती गावांत आहेत! पंचायतीनं भाजीवाल्यांसाठी सिमेंटचे ओटे बांधले, वर टिन टाकलं, फलक लावला. आणि भाजीवाली बाई बसते खाली, रस्त्याच्या कडेला, पोत्यावर. अडाणीपणानं नव्हे. गिऱ्हाईक बसस्टँडकडून येतं आणि तिकडेच जातं, ओटे मात्र आतल्या बाजूला तोंड करून आहेत. पहिलं गिऱ्हाईक ज्याला दिसतं त्याचा माल आधी जातो, एवढं साधं गणित आहे.

म्हणून एक बाजार पहाटेपासून दिवे लागेपर्यंत पाहा. पहिली गाडी कुठून येते, माल कुठं उतरतो, दुपारी दोनला सावली कुठं असते आणि तिथं कोण सरकतं, बैलबाजार असेल तर दावण कुठं लागते, कास्तकार मोटारसायकल कुठं लावतो, लेकराला पाणी पाजायला बाई कुठं जाते, हे सगळं नकाशाच्या झेरॉक्सवर लिहा. यात्रेच्या काळात हेच पुन्हा करा, कारण यात्रेची वाहती वाट वेगळी असते. ती देवळाकडून पाळण्यांकडे आणि तिथून खाण्याच्या ओळीकडे जाते.

3. ज्यांना मत नाही त्यांना विचारा

ग्रामसभेत गावातले लोक बोलतात. पालवाले, बांगडीवाले, भांडीवाले, मसालेवाले मात्र बाहेरगावचे. ते सोमवारी एका गावात असतात, मंगळवारी दुसऱ्या. ते मतदार नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही, आणि मैदान सगळ्यात जास्त वापरतात तेच. पाळणेवाले, मौत का कुआँवाले, मिठाईवाले यांचंही तसंच. यात्रेचा हिशेब करायला आले की त्यांना अर्धा तास चहावर बसवा. चिखल, वीज, पाणी आणि खुंट्या, या चार गोष्टींवर ते जे सांगतील ते कोणत्याही सल्लागारापेक्षा कामाचं असेल.

कोण कुठं बसतो याची यादी करा. बाजारातली जागा बापाकडून पोराकडे आलेली असते. ती कागदावर नसली तरी शेजारचा दुकानदार तिची साक्ष देतो. नगरपंचायत असेल तर 2014 चा पथविक्रेता कायदा लागू आहे: आधी सर्वेक्षण करायचं, ते पुरं होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असले पाहिजेत. हा कायदा शहरी भागाचा आहे, ग्रामपंचायतीवर त्याचं बंधन नाही. पद्धत मात्र उचलावी अशीच आहे.

4. सिमेंटच्या आधी फक्की

आराखडा तयार झाला की लगेच निविदा काढू नका. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मैदानात फक्की मारा, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं रेषा आखा: मधली वाट, ओळी, गाड्यांची जागा, रुग्णवाहिकेचा रस्ता. कोणाला जबरदस्तीनं बसवू नका, फक्त सांगा. तीन-चार बाजार असं करून पाहा. ज्या रेषा लोक आपोआप पाळतात त्या पक्क्या करायच्या आणि ज्या दुपारपर्यंत पुसल्या जातात त्या खोडून टाकायच्या. या प्रयोगाला चुन्याच्या काही पोत्यांइतकाच खर्च येतो, आणि पुढचे लाखो रुपये वाचतात.

5. माती आणि पाणी: निम्मं काम इथंच आहे

या पायरीवर रेंगाळा. पश्चिम विदर्भात आणि वर्धा-यवतमाळकडे बऱ्याच मैदानांखाली काळी, कापसाची भारी माती आहे. पाणी प्यायली की ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाची भिंत घातली तर दोन-तीन पावसाळ्यांत तडकते. वॉल कंपाउंडला माझा विरोध आहे त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण असं की भिंत पाणी अडवते, आणि वेळ आलीच तर पळणारी माणसंही अडवते.

ज्या भागात वर्दळ आहे तिथली काळी माती फूट-दीड फूट काढून टाका. ती फेकायची गरज नाही. हलक्या जमिनीचे कास्तकार ट्रॉली लावून घेऊन जातात. खाली कठीण मुरूम, 15-15 सेंटिमीटरचा थर, पाणी मारून रोलर, मग पुढचा थर. सगळा मुरूम एकदम ओतून वरून एकदा रोलर फिरवला की पहिल्याच पावसात चाकं रुततात. कंत्राटदाराला हे माहीत असतं, म्हणून थर पडताना गावातलं कोणीतरी तिथं उभं पाहिजे. मुरमासाठी गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन तहसीलमधून रीतसर करून घ्या, नाहीतर काम मध्येच थांबतं.

उतार 100 मीटरला 1 मीटर. मध्ये किंचित उंच, दोन्ही काठांकडे उतरतं. काठावर नाली उघडी पण उथळ आणि पसरट, लेकरू पडलं तरी लागणार नाही आणि खराट्यानं साफ होईल अशी. खोल झाकलेली नाली बाजाराच्या गावात वर्षभरात कोबीच्या पाल्यानं तुंबते. नालीचं पाणी जवळच्या बोडीत किंवा तळ्यात सोडणार असाल तर आधी दगड-गिट्टीचा गाळणखड्डा हवाच. भंडारा-गोंदियाकडे मैदानाशेजारी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळचा) असतो आणि पावसाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच जात आलेलं असतं. ती वाट बुजवू नका.

आता गट्टूबद्दल. गट्टू दिसायला स्वच्छ असतात. पण मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा त्यांच्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा. शिवाय गट्टूत खुंटी ठोकता येत नाही. पाल बांधायला खुंटी लागतेच. मग पालवाले गट्टू उपसतात, नाहीतर दोर विजेच्या खांबाला बांधतात, आणि हे दुसरं फार वाईट. गट्टू घालायचेच तर फक्त काठावरच्या पायवाटेला घाला. मधल्या मुरमात दर दहा फुटांवर दोन इंची लोखंडी पाइपाचे दीड फूट खोल सॉकेट काँक्रीटमध्ये बसवा. तोंड जमिनीच्या पातळीत, वर साखळीनं बांधलेलं झाकण, आणि बूड गिट्टीवर उघडं, म्हणजे आत पाणी साचत नाही. पालवाला बांबू आणून सॉकेटात उभा करतो आणि पाच मिनिटांत त्याचं दुकान उभं राहतं. ओळी आपोआप सरळ लागतात, त्यासाठी शिपायाला शिट्टी फुंकावी लागत नाही.

हे सगळं यात्रा उठल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच होऊ शकतं. उन्हाळ्यात मुरमावर मारायला पाणी कुठून आणणार, तेही आधीच ठरवा.

6. काठ

ओट्यांची तोंडं जिकडून गिऱ्हाईक येतं तिकडे. उंची दीड फूट पुरे. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला एका पायरीत चढता आलं पाहिजे आणि गिऱ्हाइकाला कमरेत वाकावं लागू नये.

टिनाचं शेड ठेंगणं असेल तर खाली भट्टी होते. बारा-चौदा फूट उंची, माथ्याला गरम हवा जायला फट, लांबी पूर्व-पश्चिम, आणि दर उन्हाळ्याआधी टिनावर चुन्याचा हात. तरीही शेडपेक्षा झाड बरं. कडुनिंब आणि करंज लावा, दोन्ही भर उन्हात हिरवे राहतात. मोक्याच्या ठिकाणी वड-पिंपळ आणि त्याला पार. गुलमोहर टाळा. ऐन उन्हाच्या सुरुवातीला त्याला पान नसतं आणि वादळात फांद्या मोडतात. भारी जमिनीत खड्डा मीटरभर घेऊन मुरूम आणि शेणखत मिसळा, नाहीतर मुळं पाण्यात कुजतात.

गाळ्यांचं सांगतो. अनामत रकमेच्या लोभानं मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला सलग गाळे काढले की त्यांची पाठ मैदानाकडे होते. मग त्या पाठीमागे काय साचतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गाळे काढायचेच असतील तर थोडे काढा, मध्ये वाटा सोडा आणि शटर दोन्हीकडे ठेवा. रोज रस्त्याकडून धंदा, बाजार-यात्रेत मैदानाकडून. गावात संध्याकाळची गुजरी (रोजचा छोटा भाजीबाजार) रस्त्यावर भरत असेल तर तिला याच काठावर आणा. रोज सायंकाळी दोन तास का होईना, मैदानाला माणसाचा डोळा लागतो.

मच्छी-मटणाचे ओटे पूर्वेच्या काठाला. वर्षातला बराच काळ आपल्याकडे वारा पश्चिमेच्या बाजूनं असतो, म्हणून वास गावावर येत नाही. फरशी, नळ आणि वेगळी नाली असल्याशिवाय ते सुरू करू नका.

7. गर्दी, वीज, पाळणे

जानेवारी 2005 मध्ये साताऱ्याजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेवर माणसं गेली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. आपल्या देवळाची वाट अशीच आहे का, ते आजच जाऊन पाहा.

हिशेब सोपा आहे. पाच एकर म्हणजे साधारण 20,000 चौरस मीटर. निम्मं दुकानं, पाळणे आणि खाण्याच्या ओळींत गेलं तर माणसांना 10,000 उरतं. चौरस मीटरला दोन माणसं असली की चालता येतं, म्हणजे 20,000. चौघांच्या पुढं गेलं की माणूस स्वतःच्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला ढकलत नेते. मुख्य दिवशी याहून जास्त लोक येत असतील तर दर्शनाची रांग मैदानाबाहेर वेगळ्या सावलीच्या वाटेनं न्या. बाहेर पडायला चारही दिशांना रुंद तोंडं हवीत आणि आरपार किमान साडेचार मीटरचा रस्ता असा, की त्यावर एक पाटीसुद्धा लागणार नाही. अग्निशमनची गाडी तिथूनच येणार. शोभेची कमान काढायची हौस असेल तर तिची रुंदी या गाडीवर मोजा.

वीज काठावरून जमिनीखालून केबलनं आणा. ठरावीक जागी कुलपाच्या पेट्या, प्रत्येकीत अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की आपोआप बंद करणारा) आणि नीट अर्थिंग. आकडे टाकून चालणारी खाण्याची ओळ, खाली ओला चिखल आणि शेजारी गॅसची शेगडी: यात्रेत भीती वाघाची नाही, याची आहे. मोठ्या पाळण्यांची जागा नक्की करून तिथं मुरूम जास्त दाबून घ्या आणि ताणाच्या दोरांसाठी पक्के हूक बसवा. तपासणीचा दाखला आणि विमा पाहिल्याशिवाय पाळणा फिरू द्यायचा नाही.

शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, गावं असतील त्यांनी पटाची लांब पट्टी मोकळी ठेवावी. 2014 ला बंदी आली तेव्हा काही जण म्हणाले, आता कशाला हवी जागा? डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. ज्यांनी मधल्या काळात तिथं सभागृह बांधलं त्यांना पट दुसरीकडे न्यावा लागणार.

8. उरलेले दिवस

शेजार उभा राहतो तो या दिवसांवर. मैदानाच्या कडेनं मुरमाची गोल वाट काढा आणि शक्य असेल तर एक फेरी मोजून 400 मीटरची ठेवा. पोलीस भरतीत पोरांना 1600 मीटर धावावं लागतं, म्हणजे बरोबर चार फेऱ्या. मुलींना 800, म्हणजे दोन. दर 100 मीटरला रंगवलेला दगड, एका कोपऱ्यात गोळाफेकीची जागा आणि पहाटे पाचला लागणारे दोन दिवे. एवढं केलं की पहाटे चाळीस पोट्टे-पोट्ट्या येतात, आणि त्यांच्या मागून चहावाला. जिथं पहाटे मुली धावतात तिथं संध्याकाळी बाया बसायला येतात.

पोळ्याचं तोरण कुठं बांधायचं ते आराखड्यात दाखवा, तान्हा पोळ्याला लेकरांची जागाही. पूर्व विदर्भात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) भरते, तिथं दंडार (लोकनाट्य) आणि झाडीपट्टीच्या नाटकासाठी पक्का रंगमंच हवा असं सगळे म्हणतात. माझ्या मते मातीचा भरावाचा दोन फुटी चौथरा पुरतो. नाटक कंपन्या बाकी सगळं सोबत आणतात.

मग घरांकडे वळा. मैदानाकडे पाठ असलेल्या घरांना तिकडे दार काढू द्या, पण अट घाला: मोरीचं पाणी नालीला जोडायचं आणि पुढं ओसरी मोकळी ठेवायची. ज्यांनी दार काढलं त्यांना यात्रेत दारासमोरच्या जागेवर पहिला हक्क द्या. घरातली बाई तिथं रोडगे-वांग्याची भाजी विकेल, नाहीतर खोली भाड्यानं देईल. बंद जिनिंग किंवा पडका वाडा शेजारी असेल तर मालकाशी निदान यात्रेपुरता गाड्या लावायचा करार करा. चार पैसे सुटले की मालक स्वतःच झाडझूड करतो.

सार्वजनिक संडास काठावर, दार रस्त्याकडे, समोर दिवा. त्याला लागूनच चहाची टपरी द्या, भाडं माफ आणि बदल्यात रोजची सफाई. ज्याच्या धंद्याला वास लागतो तोच ती चोख करतो.

9. पैसा

यात्रास्थळाला 'क' वर्ग असेल तर जिल्हा नियोजन समिती, नाली-संडासासाठी वित्त आयोगाचा बंधित निधी, आमदारांच्या शिफारशीनं ग्रामविकासाचं 2515 लेखाशीर्ष. पैसा येतो तो असा तुकड्यातुकड्यांत, आणि रोग इथंच आहे. नाली एका लेखाशीर्षातून, भराव दुसऱ्यातून, दोन कंत्राटदार, दोन पातळ्या. शेवटी नाली मैदानापेक्षा उंच! यावर उपाय एकच: सुरुवातीलाच पातळ्यांसकट एक नकाशा करून ग्रामसभेत मंजूर करा आणि प्रत्येक कार्यारंभ आदेशाला तोच जोडा. क्रमही ठरवून टाका. पहिल्या वर्षी भराव, नाली आणि पाणी, दुसऱ्या वर्षी वीज, संडास आणि झाडं, ओटे आणि शेड सगळ्यात शेवटी. फोटो चांगला येतो म्हणून शेड आधी मागणारे भेटतील. त्यांना झाडाचं उद्घाटन द्या.

देखभालीसाठी बाजाराच्या आणि यात्रेच्या हर्रासातून (वसुलीच्या लिलावातून) ठरावीक हिस्सा मैदानाच्या वेगळ्या खात्यात टाकायचा ठराव करा, आणि हर्रासाच्या अटींतच लिहा की बाजार उठल्यावर रात्री साफसफाई ठेकेदाराची, त्यासाठी अनामत. फलकावर चिठ्ठीचे (जागेच्या वसुलीचे) दर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीकडून पालाचा दर कोणी घेणार नाही.

भराव झाल्यावरच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मैदानात जा. पाणी जिथं अर्ध्या तासाहून जास्त थांबतं तिथं लाल चिंधी बांधलेली खुंटी ठोका आणि कंत्राटदाराचं शेवटचं देयक त्या खुंट्या निघेपर्यंत अडवून ठेवा.